टेबलाखालचे दोरे

भावोजींना दवाखान्यातून घरी आणण्याआधी मी मागच्या खोलीत दोन गोष्टी केल्या. आधी चार दिवस खेळातल्या आगगाडीच्या टेबलाखाली शिरून तिथला कितीतरी वर्षांचा कचरा काढला. कोळिष्टकं, मेलेली झुरळं, लाकडाचा भुसा आणि वायरींना जागोजागी लोंबणारे दोऱ्यांचे तुकडे. धुळीने सगळे एकाच रंगाचे झालेले. शिवणाच्या कात्रीने मी ते एकेक कापले, सुपलीत भरले आणि टाकून दिले. मग दोन दिवस आलेल्या लेकीच्या मदतीने टेबल हातभर पुढे ओढलं, कारण त्याशिवाय पलंग मावत नव्हता. "एक, दोन, तीन" म्हणून ओढताना खालून कटकट असा आवाज आला. जुनं लाकूड कुरकुरलं असेल असं मला वाटलं. खोली लख्ख दिसत होती. भावोजी बघतील तर खूश होतील, असं मनात आलं आणि मी कंबर धरून खुर्चीत बसले.

भावोजी म्हणजे माझे धाकटे दीर. लग्न त्यांनी केलं नाही. हे गेल्यावर आमच्या घरात आम्ही तिघं उरलो, लेक लग्न होऊन लांब गेल्यावर दोघं. हे गेले त्याला सव्वीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत आमचं "अहो वहिनी" आणि "अहो भावोजी" काही सुटलं नाही. मनातलं बोलायची सवय दोघांनाही नव्हती. बोलायचं ते दूध नासल्याचं, नळाचं, आणि गाडीचं.

ती गाडी दोघा भावांनी मिळून केलेली. दोन जुने दरवाजे एकापुढे एक ठेवून त्यांचं लांबलचक टेबल, बिजागऱ्यांच्या खाचा अजून दिसतात. हे शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांनी कागदाच्या लगद्याचा डोंगर केला, स्टेशन केलं, काडेपेटीएवढी घरं केली, घरांच्या खिडक्यांना पिवळा कागद लावला. भावोजी टेलिफोन खात्यात तारा जोडायचे. त्यांनी रूळ बसवले आणि खालची सगळी वीज केली. "वरचं तुझं, खालचं माझं," असं दोघांत ठरलेलं. खात्याने टाकून दिलेलं काळ्या वायरीचं एक अख्खं रीळ भावोजींनी आणलं होतं, ते संपता संपत नव्हतं. म्हणून टेबलाखाली जे काही होतं ते काळं होतं. तिथे दुसऱ्या कुणाला शिरायची परवानगी नव्हती. झाडूसुद्धा कडेपर्यंतच.

मी नवी नवरी असताना भावोजींनी मला एकदा समजावलं होतं. "वहिनी, एका रुळातून वीज जाते, दुसऱ्यातून परत येते. मध्ये इंजिन असतं. वीज त्याच्यातून पलीकडे जाते आणि जाता जाता त्याला पळवते. पण दोन रूळ आपापसात भेटले की ती मधल्याला विचारत नाही, थेट पलीकडे. मग सगळंच बंद."

"म्हणजे दोघं भाऊ भांडायचे थांबले की मला कुणी विचारत नाही, तसं," मी म्हटलं होतं. हे इतके हसले की हातातला ब्रश डोंगरावर पडला. तो निळा डाग अजून आहे.

टेबलाच्या पलीकडच्या टोकाला गाडी डोंगराभोवती वळसा घालून त्याच रुळावर परत येते. दिसायला फार छान. पण विजेच्या दृष्टीने तिथेच गोम होती. वळून आलं की डावा रूळ उजव्याला भेटतो. म्हणून भावोजींनी वळशाच्या रुळांना दोन्ही बाजूंनी बारीक चिरा देऊन तो वेगळा काढला होता, आणि गाडी वळशात असताना कुणीतरी बाहेरच्या लांब रुळाची वीज उलटी करायची, अशी सोय केली होती. ते कुणीतरी म्हणजे आधी हे. हे गेल्यावर मी. गाडी भिंतीच्या बाजूने वळशात शिरली की मी सायकलच्या चाकाची एक तार ओढायची. त्या तारेने रूळ बदलायचा आणि गाडीला खिडकीकडून बाहेर यायला वाट मिळायची. त्याच वेळी एक खटका खाली करायचा. भावोजी स्टेशनजवळ बसून "बरं" म्हणायचे आणि मी ते करायची. सव्वीस वर्षं, रोज संध्याकाळी एक फेरी. का करायचं ते मी विसरले होते, हात मात्र विसरला नव्हता.

अर्धांगाच्या झटक्याने भावोजींची उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. एकच शब्द उरला, "बरं." पाणी हवं तरी बरं, नको तरी बरं, दुखलं तरी बरं. डॉक्टर म्हणाले, असा एखादा शब्द राहतो कधीकधी. दवाखान्यात ते भिंतीकडे तोंड करून पडायचे, जेवण ढकलून द्यायचे. शेवटी मी त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, "भावोजी, जेवा. घरी चला. मी गाडी फिरवीन, पलंगावरून बघा." त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. पाच घास खाल्ले. एवढ्या एका वचनावर मी त्यांना घरी आणलं होतं.

घरी आल्यावर त्यांना उशांच्या आधाराने बसवलं. समोर स्टेशन, पलीकडे डोंगर. मी ट्रान्सफॉर्मरचं बटण लावलं, चकती फिरवली. इंजिन थरथरलं, स्टेशनातून निघालं, वीतभर गेलं आणि थांबलं. घरांच्या खिडक्या लागल्याच नाहीत. मी चकती पूर्ण फिरवली. काही नाही.

"बरं," भावोजी म्हणाले आणि डाव्या हाताने खाली बोट दाखवलं.

मी टॉर्च घेऊन टेबलाखाली गेले. पाच वायरी तुटून लोंबत होत्या. टेबल ओढताना कटकट वाजलं ते हे. पाचही काळ्या. वर रुळांना चिकटलेली त्यांची बोटभर शेपटं, तीही काळी. कुठली कुठे जोडायची?

बाहेर आले तर भावोजी अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळत होते. मी चष्मा दिला. नको. पाणी दिलं. नको. "बरं, बरं!" चिडून त्यांनी खिडकीकडे हात केला. खिडकीच्या कट्ट्यावर माझा शिवणाचा डबा असतो, उजेडासाठी. तो मी त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी डाव्या हाताने हिरवं रीळ उचललं, दातांनी दोरा तोडला, आणि मोठ्या कष्टाने पलंगाच्या दांडीला गुंडाळला. मग टेबलाखाली बोट. मग पुन्हा दोऱ्याकडे.

मी ते हिरवं रीळ हातात घेतलं.

कित्येक वर्षांची आमची एक कटकट होती. "भावोजी, माझा हिरवा दोरा कुठे गेला? आणि जांभळा? अर्धं रीळ रिकामं!"

"मी काय फ्रॉक शिवतो का, वहिनी?"

"मग दोऱ्याला पाय फुटले?"

"फुटले असतील. तुमच्या धाकाने पळाले असतील."

तो दोरा कुठे जात होता ते मला इतक्या वर्षांनी कळलं. वायरी सगळ्या काळ्या, म्हणून प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना त्यांनी एकेका रंगाचा दोरा बांधला होता. खात्यात रंगीत वायरींवर सगळं आयुष्य गेलेला माणूस. वही नाही, नकाशा नाही. दोरे होते की. आणि ते मी चार दिवस बसून, कंबर मोडून, एकही न सोडता कापले होते.

"बघते हं," एवढंच मी म्हटलं. परत खाली गेले आणि टॉर्च बंद करून नुसती बसून राहिले.

दोन दिवसांनी कोपऱ्यावरच्या दुकानातल्या वायरमनला बोलावलं. चाळिशीचा, बोलघेवडा माणूस. टेबलाखाली डोकं घातलं आणि आतूनच ओरडला, "आजी, हे कुठल्या महाभागाने केलंय? सगळी काळी!"

"ते समोर पलंगावर बसलेत."

तो डोकं बाहेर काढून ओशाळला. "सॉरी हं, काका. काम मात्र तुमचं एक नंबर आहे. असं सोल्डर आजकाल कुणी करत नाही."

"बरं," भावोजी म्हणाले. झटका आल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला.

"पण काहीतरी खुणा असणार ना, आजी? इतकं नीट काम करणारा माणूस खुणा केल्याशिवाय राहायचा नाही. चिठ्ठ्या, रंग, काहीतरी?"

भावोजी माझ्याकडे बघत होते. खरं बोलायला एवढी चांगली संधी मला पुन्हा मिळणार नव्हती.

"नव्हत्या," मी म्हटलं.

भावोजींनी पलंगाच्या दांडीवरच्या हिरव्या दोऱ्याकडे पाहिलं. आपणच दोरे बांधले की ते स्वप्न होतं, असं त्यांना वाटलं असेल का? डोक्याला झटका बसलेला माणूस. आपल्याच आठवणीवर त्याने किती भरवसा ठेवायचा? हा विचार मला नंतर सुचला. त्या वेळी मी फक्त त्यांची नजर चुकवली.

"मग अवघड आहे," वायरमन म्हणाला. "सगळं काढून नवीन टाकावं लागेल. आठ दिवस जातील, आणि सध्या मला डोकं खाजवायला वेळ नाही." पण माणूस वाईट नव्हता. त्याने पिशवीतून एक छोटा बल्ब काढला, त्याला बॅटरीचा सेल आणि दोन वायरी बांधलेल्या. "हे ठेवा. एक टोक इथे लावायचं, एक तिथे. बल्ब लागला तर दोन्ही जागा आतून एकच. नाही लागला तर नाही. असं करत करत सापडेल. काकांना विचारत विचारत करा."

काकांना विचारत विचारत!

मी केलं. रोज दुपारी, भावोजींचा व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाई गेल्या की, उशी पाठीखाली घेऊन मी टेबलाखाली आडवी व्हायची. बहात्तरीला मी मेकॅनिक झाले. बल्ब लागला की मी ओरडायची, "लागला!" आणि वरून उत्तर यायचं, "बरं!" सोल्डर मला येत नाही, मी वायरी पिळून त्यांना चिकटपट्टी गुंडाळायची. पाचव्या दिवशी घरांच्या खिडक्या लागल्या. यांच्या हातचा पिवळा कागद उजळला तेव्हा आम्ही दोघंही बघत राहिलो. आठव्या दिवशी गाडी लांब रुळावरून डोंगरापर्यंत धावली. उरल्या दोन वायरी आणि उरला वळसा. दोन टोकं, दोन शेपटं. डोळे मिटून जोडली म्हणा ना. चुकून चुकून काय चुकणार, असं वाटलं.

गाडी सोडली. डोंगराशी पोचली, भिंतीच्या बाजूने वळायला लागली, आणि इंजिनाचं पहिलं चाक चिरेवरून गेलं की टक्. ट्रान्सफॉर्मरच्या डब्यातला खटका उडाला. सगळं बंद. खिडक्यासुद्धा.

पुन्हा सोडली. टक्. वीज उलटी करायचा खटका वर असताना टक्, खाली केला तर गाडी स्टेशनातूनच उलटी निघायला बघायची. इंजिन साफ केलं, रूळ पुसले. टक्.

"बरं," भावोजी म्हणाले. हात खिडकीकडे केला.

खिडकीत शिवणाचा डबा होता.

तीन दिवस हेच चाललं. गाडी डोंगराशी, टक्, आणि भावोजींचं बोट खिडकीकडे. घरातल्या घरात मला कुणीतरी रोज न्यायालयात उभं करत होतं. चौथ्या दिवशी मी पलंगाशी स्टूल घेतलं आणि त्यांचा डावा हात धरला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

"भावोजी, दोरे मी कापले. तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा. कचरा समजून. आणि त्या वायरमनला खोटं सांगितलं, तुमच्यासमोर. तुम्हाला भास नव्हता झाला. दोरे होते. सगळे होते."

त्यांचा चेहरा हलला. डावा ओठ वर गेला, डोळे बारीक झाले, खांदे हलायला लागले, डोळ्यांतून पाणी आलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की अशा आजारात हसू आणि रडू आपोआप फुटतं, त्यावरून माणसाचं मन ओळखू नका. मी तरी ओळखायला बघत होते. हसत होते की रडत होते? त्यांनाही सांगता येत नव्हतं, मलाही कळत नव्हतं. बराच वेळ ते तसेच हलत राहिले. मग शांत झाले, हात माझ्या हातातून सोडवून घेतला, आणि पुन्हा बोट खिडकीकडे केलं.

"बरं."

"हो ना, तोच डबा! त्यातलीच कात्री!" माझा तोल सुटला. मी उठले, डबा उचलला, कपाटात टाकून कडी लावली. "हा ठेवला आत. झालं समाधान?"

डबा तिथे नव्हता. बोट मात्र तिथेच होतं. खिडकीकडे, मग डोंगराकडे, मग खिडकीकडे. "बरं! बरं! बरं!" आवाज चढलेला.

"माफी मागितली ना एकदा! आता काय नाक घासू? तुम्ही तरी सांगितलं होतंत का कधी, दोरे कशाला चोरता ते? एका शब्दाने?" जुनी मोठी चादर आणून मी टेबलावर टाकली. डोंगर, स्टेशन, सगळं झाकून गेलं. "राहू दे ती गाडी."

त्यांनी बोट खाली घेतलं. "बरं," म्हणाले. हळू. त्या एका शब्दात ते कितीतरी निरनिराळं म्हणत असत, आणि मला त्यातलं बरंचसं कळतही असे. हे कळलं नाही. कळून घ्यायचंच नव्हतं मला.

पाच दिवस चादर तशीच होती. भावोजी भिंतीकडे तोंड करून पडायला लागले. लेकीने फोनवर विचारलं, "काका कसे आहेत?" मी म्हटलं, "रुसलेत." सहाव्या दिवशी सकाळी चहा घेऊन गेले तर त्यांचे डोळे उघडे होते आणि ते मला बघत नव्हते.

दुसरा झटका. बारा दिवस पुन्हा दवाखाना. डॉक्टर म्हणाले, आता घरीच न्या. नळीने भरवायचं, कूस बदलायची. डोळे उघडे असतात, पण समोर काय आहे ते आत पोचतं की नाही, सांगता येणार नाही.

त्यानंतर आठवडाभराने वायरमन दारात आला. "आजी, माझा तो बल्ब द्या बुवा. एका ठिकाणी अडलंय." मी तो चादरीखालून काढायला गेले तशी त्याने चादरच बाजूला केली. "अरे वा, जोडलं की तुम्ही! चालते?"

"डोंगराशी जाते आणि बंद पडते."

त्याने एकदा चालवून बघितली. टक्. खाली बसला, वळशाच्या रुळांवरून बोट फिरवलं, एका चिरेपासून दुसरीपर्यंत. तोंडातल्या तोंडात काहीतरी मोजलं. आणि हसला.

"एवढंच होय! या दोन वायरी अदलाबदल झाल्यात. ह्याची त्याला, त्याची ह्याला. खाली जाऊन बदलायच्या, झालं." मग माझ्या वयाकडे आणि टेबलाच्या उंचीकडे बघून म्हणाला, "किंवा वायरीला हातच लावू नका. गाडी भिंतीकडून वळवताय ना? ती खिडकीकडून सोडा. उलट्या बाजूने वळसा घेतला की सगळं आपोआप जुळतं. ही सायकलची तार आधीच ओढून ठेवायची, बस. खाली शिरायलाच नको."

मी तार धरून उभी राहिले.

"काय झालं, आजी? बसा, बसा."

खिडकीकडून. ते डब्याकडे बोट दाखवतच नव्हते. दोरे गेले होते, त्यांना ते कळलं होतं, आणि ते सोडून देऊन त्यांनी पुढचा उपाय काढला होता. मी पुन्हा टेबलाखाली आडवी होऊ नये असा उपाय.

वायरमन बल्ब घेऊन गेला. मी भावोजींना खिडकीकडच्या कुशीवर वळवलं, पाठीला उशा लावल्या, मान टेबलाकडे केली. तार आधीच ओढून ठेवली. चकती फिरवली. इंजिन निघालं, घरांजवळून, लांब रुळावरून, डोंगराशी आलं, खिडकीच्या बाजूने वळलं, आणि पहिलं चाक चिरेवरून गेलं. काही झालं नाही. ते जातच राहिलं. मी धावत पलीकडे गेले, खटका खाली केला, तार सोडली. गाडी डोंगरामागून भिंतीकडून बाहेर आली, निळ्या डागाखालून, आणि स्टेशनाकडे धावत सुटली. मी पुन्हा या टोकाला आले तोवर ती फलाटाशी पोचली होती. चकती बंद केली.

"भावोजी," मी म्हटलं, "आली बघा."

त्यांचे डोळे उघडे होते. खिडकीचा उजेड त्यांत दिसत होता. मी त्यांच्या नजरेच्या रेषेत इंजिन धरलं, इकडे नेलं, तिकडे नेलं. नजर हलली नाही.

"दुसरी फेरी करते," मी म्हटलं. "बघा हं." इंजिन फिरवून डब्यांपुढे ठेवलं, खटका वर केला, चकती फिरवली. माझं लक्ष त्यांच्या चेहऱ्यावर होतं, आणि तार ओढायची राहून गेली. गाडी जुन्या सवयीने भिंतीकडे वळली.

टक्.

खिडक्या विझल्या. मी वळून त्यांच्या डाव्या हाताकडे पाहिलं. तो मी ठेवला होता तसाच चादरीवर होता.